फलकावरचं नाव

बाजार समितीचे सभापती तात्यासाहेब डोईफोडे दवाखान्यात दाखल झाले, तेही चार कार्यकर्ते घेऊन. नर्सिंग शिकणारी वैजयंता औषधांची ट्रॉली ढकलत आली आणि नियमाप्रमाणे म्हणाली, "पूर्ण नाव सांगा."

तात्यासाहेब भडकले. "मला नाव विचारतेस? चौकाचौकात माझे फलक लागलेत! मुकाट्याने औषध दे."

कार्यकर्ते खो खो हसले.

"बरं साहेब," वैजयंता शांतपणे म्हणाली. "ट्रॉलीवर एक रक्तदाबाची गोळी आहे आणि एक एनिमा. एक तुमचं, एक शेजारच्या खाटेचं. यातलं तुमचं कुठलं, ते फलकावर लिहिलंय का?"

तात्यासाहेबांनी एका दमात नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख सगळं सांगितलं. पाठोपाठ, कुणी विचारलं नसताना, कार्यकर्त्यांनीही आपापली नावं सांगून टाकली.