तीनशे लंगोटांची कुस्ती

येसू परटानं सरकारांचा लंगोट धुतला. गुन्हा एवढाच! पण मोरखिंडीच्या राजाचा, दुर्जयरावांचा, जिंकलेला लंगोट धुवायचा नाही, असा तिथला दंडकच होता. धुतला की म्हणे विजय वाहून जातो. तरुणपणी राजांनी तीनशे कुस्त्या मारल्या होत्या. त्यातल्या किती जणांनी समोर राजा बघून आपणहून पाठ टेकली, ते विचारायचं नाही. त्या कुस्त्यांचे तीनशे लंगोट वाड्यातल्या एका कोठीत खुंट्यांवर लटकत होते. तिथून जाताना राणीसाहेब नाकाला पदर लावायच्या आणि उंदीरसुद्धा त्या कोठीला फिरकत नसत.

त्यातला एक लंगोट कुणीतरी चुकून मळक्या कपड्यांत टाकला. येसूनं तो रिठ्यानं धुतला, वर खळ घालून कडक घडी करून आणला.

"माझा विजय धुतलास, परटा?" राजे गरजले. "घाटावरचा तुझा दगड काढून घेतला. उद्या दिवस मावळायच्या आत गाव सोड."

येसूच्या आजापासून घर त्या एका धुण्याच्या दगडावर जगत होतं. मागं त्याची लेक चिमा उभी होती. भीती तिलाही वाटत होती, पण तिला राग जास्त आला होता.

"सरकार, वाहून गेलेला विजय परत आणून दिला तर?"

दरबारात कुजबुज झाली. राजांनी मिशीला पीळ भरला. "आण की. जत्रेला तीन महिने आहेत. बेलदरीचा भीमाप्पा दरसाल आमच्या मल्लाला लोळवतो. यंदा माझ्या लंगोटांनी त्याला चीत करायचं. पण ते कुणाच्या कमरेला लागता कामा नयेत, आणि एकालाही कात्री लावायची नाही. जमलं तर दगड तुमचा. नाही जमलं तर दोघंही हद्दपार."

"म्हणजे कुणी न नेसता लंगोटानं कुस्ती मारायची?"

"तोंड तूच उघडलंस ना?" राजे म्हणाले, आणि दिवाणजी खुदकन हसले.

वाटेत येसू कपाळाला हात लावून म्हणाला, "चिमे, तुझ्या जिभेला काही हाड?"

"नाही बा. म्हणून तर ती वळते."

दुसऱ्या दिवशी तिनं तीनशेच्या तीनशे लंगोट बैलगाडीत भरून नदीवर नेले. पहिली खेप पाण्यात पडली मात्र, खालच्या अंगाला डुंबणाऱ्या म्हशी उठून काठावर आल्या. चार दिवस बापलेक धूत होते. मग चिमानं लंगोटांना पीळ देऊन हात वळले, पाय वळले, गुंडाळून गुंडाळून पोट केलं, आणि वरून लंगोटालाच लंगोट जोडून दाभणानं शिवून टाकलं. माणसाएवढा, माणसाच्या वजनाचा बाहुला तयार झाला. तो तिनं तालमीत नेऊन उभा केला.

यंदा भीमाप्पाशी लढणारा तालमीतला राणोजी अंगानं दणकट होता, पण त्याला डाव बसवायला जोडीदार टिकत नव्हता. दहाव्यांदा आपटलं की समोरचा धोतर झटकून घरी जायचा. हा बाहुला कुठं जाणार?

"याला धोबीपछाड शिकव, बा," चिमा म्हणाली.

"मी? मला कुस्तीतलं काय कळतं?"

"चाळीस वर्षं ओल्या गोधड्या खांद्यावरून दगडावर आपटतोस. दुसरं काय करतोस तू?"

येसूनं बाहुल्याचा हात धरला, वाकून पाठीवर घेतला, कंबर फिरवली आणि धाडकन मातीत आपटला. सगळी तालीम बघत राहिली. त्या दिवसापासून राणोजी रोज शंभर वेळा तेच करायला लागला. येसू शेजारी उभा राहून ओरडायचा, "अरे, कंबर कुठंय तुझी? असं धुतलंस तर मळ निघेल का?"

जत्रेच्या फडात भीमाप्पानं मांडी थोपटली आणि तो चाल करून आला. राणोजीनं हात धरला, आत वळला, कंबर फिरवली, आणि भीमाप्पा आभाळ बघत पडला! राजांनी आनंदानं पागोटं उडवलं. मग त्यांना अट आठवली.

"थांबा. कुस्ती राणोजीनं मारली. माझे लंगोट कुठं आहेत?"

चिमानं बाहुला फडात आणवला. "हे काय, सरकार. कुणाच्या कमरेला लागले नाहीत, कात्री लागली नाही. यांना आपटून आपटूनच राणोजी तयार झाला."

राजांनी जवळ जाऊन वास घेतला. त्यांचा चेहरा उतरला. "वास कुठं गेला? धुतलेस? सगळे?"

"सगळे, सरकार."

येसूनं डोळे मिटून घेतले.

"सरकार, मला एकच सांगा," चिमा म्हणाली. "कुस्ती लंगोट मारतो की पैलवान? लंगोट मारत असेल, तर आज तुमच्याच लंगोटांनी मारली, आणि तीही धुतल्यावर. पैलवान मारत असेल, तर माझ्या बानं विजय धुतलाच नाही, नुसता घाम धुतला. तुम्ही म्हणाल ते खरं. दगड दोन्हीकडून आमचा."

राजांचा हात आपल्या मिशीकडे गेला. मग त्यांची नजर बाहुल्याच्या गरगरीत पोटावर आणि कोळशानं काढलेल्या झुपकेदार मिशीवर गेली.

"आणि ही मिशी कुणाची गं?"

"ज्यांना आजवर कुणी आपटायला धजलं नाही, त्यांची, सरकार."

दिवाणजींना ठसका लागला. राजे मात्र पोट धरून असे हसले की दोघांनी त्यांना सावरून धरलं. डोळे पुसत त्यांनी हुकूम सोडला: दगडच काय, अख्खा घाट येसूच्या घराण्याला वंशपरंपरा, येसू आजपासून तालमीचा वस्ताद, आणि चिमाला सोन्याच्या पाटल्या.

"आणि पोरी," जाता जाता राजे हळूच म्हणाले, "वाड्यात माझे जुने जांघियेही पडलेत दोन पेट्या. राणीसाहेबांना कळायच्या आत घेऊन जा. राणोजीला आणखी एक जोडीदार होईल."