ठकाईची हाळी

आमच्या पाथरघोळीच्या देवळाला कळसही चढला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकाई नावाची गुराखीण होती. एकटीच, ना मूल ना माणूस. पण आवाज असा, की तिनं हाळी दिली की पल्याडच्या डोंगरावरची गाय मान वर करायची, असं म्हणतात.

एका साली गावात मरी आली. आधी उंदीर पडले, मग माणसं. उरलेले लोक डोंगरात पळाले आणि लांबलांब खोपी बांधून राहिले. कोणी कोणाच्या जवळ जाईना. पुढं मरी ओसरली, पण भीती ओसरेना. माणसं आतल्या आत सुकू लागली. चूल पेटवायची तरी कोणासाठी, असं होऊन बसलं.

ठकाईला ते बघवेना. ती मधल्या कातळावर चढली आणि समोरच्या खोपीतल्या गावकऱ्याला तिनं हाळी दिली, "ओ सखोजी! जेवलास का रं?"

बऱ्याच वेळानं ओ आली, "जेवलो गं! आन् तू?"

ठकाई तिथंच रडली, असं म्हणतात. तिला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

मग रोज सांजेला ती एकेका खोपीला नाव घेऊन हाक मारू लागली. खोपीखोपीतून ओ येऊ लागली, चुली पेटू लागल्या.

एका सांजेला रायाजी लोहाराची ओ आली नाही. बायको-लेक मरीत गेली, तेव्हापासून तो झुरत होता. ठकाईनं हाका मारमारून घसा फोडला. तेव्हा सखोजीनं हाक उचलली. मग शेजारच्या खोपीनं, मग तिच्या पलीकडच्या. अख्खा डोंगर ओरडला, "रायाजीऽऽ!" कातळ थरथरला, वरच्या घारी जागच्या जागी थांबल्या, असं म्हणतात.

रायाजीच्या खोपीचं दार उघडलं. "जेवतो रं बाबांनो! पण एकट्याला घास उतरत न्हाई!"

तेव्हा भीतीबिती विसरून लोक आपापली भाकरी घेऊन धावले. सगळे एका पंगतीला बसले. शिवेवर दबा धरून बसलेल्या मरीनं ती पंगत पाहिली आणि जी गेली, ती गेलीच.

आजही फाल्गुनातल्या अवसेला गाव त्या कातळावर चढतं. घराघराचं नाव घेऊन हाळी दिली जाते. शेवटच्या घराची ओ येईपर्यंत कोणी घास तोंडात घालत नाही. हल्ली कित्येक घरांना कुलपं आहेत, माणसं शहरात गेलीत. त्यांचंही नाव घेतात. आणि शेजारी छाती भरून त्यांच्यासाठी ओ देतात, "हाय! आमच्यातच हाय!"