उघड्या कुलपाचा अर्थ

संगणकाची विद्या शिकवण्यात ज्यांचे उभे आयुष्य गेले, असे एक वृद्ध आचार्य एका शहरात राहत. लोक त्यांना सामंत सर म्हणत. हृषीकेश हा त्यांचा बुद्धिमान शिष्य. छळाला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या एका संस्थेसाठी त्याने ईमेलची नवी व्यवस्था तयार केली. ज्याच्याकडे चावी असेल त्यालाच पत्र वाचता यावे, इतरांना केवळ निरर्थक अक्षरे दिसावीत, अशी ती होती. पत्र सुरक्षित असले की कोपऱ्यात बंद कुलूप दिसे. समोरच्याकडे चावी नसली, तर पत्र उघडेच जाई आणि कुलूपही उघडे दिसे.

"सर, ही कोणालाही फोडता यायची नाही," हृषीकेश म्हणाला.

"चल, संस्थेत जाऊन पाहू," सर म्हणाले.

संस्थेच्या प्रमुख हंसाताई पत्रच लिहीत होत्या. नुकत्याच आलेल्या एका स्त्रीला त्यांनी दुसऱ्या गावी लपवून ठेवले होते आणि तिथला पत्ता वकीलबाईंच्या कचेरीत कळवायचा होता. त्या स्त्रीचा नवरा इंटरनेटच्या जोडण्या देण्याचा धंदा करी; त्या कचेरीतली जोडणीही त्याचीच. उघडे पत्र त्याच्या हाती पडणे अशक्य नव्हते.

हृषीकेशची नजर पडद्यावर गेली आणि तो दचकला. कुलूप उघडे होते! तो काही बोलणार, तोच सरांनी त्याचा दंड घट्ट धरला. हंसाताईंनी बटण दाबले.

"सर, हे काय केलंत!" हृषीकेश ओरडला.

सरांनी शांतपणे भिंतीकडे बोट दाखवले. आत येतानाच त्यांनी इंटरनेटची वायर काढून ठेवली होती. पत्र कुठेच गेले नव्हते.

"हंसाताई, कोपऱ्यातलं कुलूप पाहिलंत?" त्यांनी विचारले.

"पाहिलं की. उघडलं होतं, म्हणून तर पाठवलं. बंद दिसलं की मला वाटतं पासवर्ड चुकलाय." मग दोघांचे चेहरे पाहून त्यांनी विचारले, "का हो? माझं काही चुकलं का? त्या पोरीचा पत्ता..."

"पत्ता सुरक्षित आहे. आणि चूक तुमची नाही."

बाहेर पडताच हृषीकेश म्हणाला, "मी त्यांना सगळं समजावलं होतं. आणि आज मला बोलू का दिलं नाहीत?"

सर म्हणाले, "आज तू शेजारी होतास, उद्या नसशील. तू बोलला असतास, तर आजचं पत्र अडलं असतं आणि कुलूप तसंच राहिलं असतं. खूण करणाऱ्याच्या मनात काय होतं, हे पाहणाऱ्याला दिसत नाही. तो तिला स्वतःचा अर्थ देतो. हंसाताईंच्या मनात एकच प्रश्न आहे, हे पत्र कोण वाचेल? त्याचं उत्तर दे. त्यांच्या भाषेत, आणि हात बटणावर जाण्याआधी."

हृषीकेश कामाला लागला. प्रथम त्याने जागोजागी लाल सूचना पेरल्या. "रोज इतकं कोण वाचेल? वैतागून पुढे जातील," म्हणत सरांनी त्या परत पाठवल्या. अखेर उरली ती बटणाच्या वरची एकच ओळ.

काही दिवसांनी तो पुन्हा हंसाताईंच्या शेजारी बसला. त्यांनी पत्र लिहिले आणि ते वकीलबाईंच्या कारकुनाच्या नावे टाकले; त्याच्याकडे चावी नव्हती. ओळ उमटली: 'हे पत्र वाटेत इतरांनाही वाचता येईल.' हंसाताईंचा हात थबकला. त्यांनी ते नाव खोडून वकीलबाईंचे घातले. आता ओळ होती: 'हे पत्र फक्त वकीलबाईच वाचू शकतील.'

हंसाताईंनी बटण दाबले आणि त्या चहा सांगायला उठल्या. हृषीकेशला त्यांनी काहीही विचारले नव्हते.