इभ्रामची पखाल

कांडेगडाच्या पायथ्याशी वडजाई गावात निंबराजमहाराज हे संत राहात. त्यांच्या दारी कुणाला जात विचारत नसत. गडावर पाणी वाहणारा इभ्राम पखालजी रोज पहिली पखाल महाराजांच्या रांजणात रिती करी आणि मगच गड चढे.

किल्लेदार रायाजीरावांना हे खपत नसे. चामड्यातलं पाणी, तेही मुसलमानाच्या हातचं! ते स्वतः तांब्याच्या घागरीतलंच पीत आणि चारचौघांत इभ्रामला 'महाराजांचा पीर' म्हणून हिणवत.

पुढे दिल्लीच्या बादशहाची फौज दक्षिणेत उतरली. गडाचे राजे दक्षिणेतल्या सुलतानाचे पिढीजात चाकर. त्यांचा हुकूम आला, मरेतो गड लढवा. वेढा पडला, टाकी आटू लागली. तशात रायाजीरावांच्या मनानं घेतलं, की इभ्राम बादशहाच्या धर्माचा, हा फितूर होणार.

"सरकार, माझा बाप याच गडावर पाणी वाहता वाहता मेला. मी कुठं जाऊ?" इभ्राम म्हणाला.

"तुझ्या बादशहाकडं," असं म्हणून त्यांनी त्याला पखालीसकट बाहेर काढून गडाच्या दरवाजाची दिंडी लावली.

दुसऱ्या दिवशी इभ्राम तटावर पाणी वाटताना दिसला. त्याला आत कुणी घेतलं, हे विचारायचं त्राण कुणात होतं? पखालीला बोटभर भोक होतं, पण थेंब गळत नव्हता. टाक्यात नुसता चिखल उरला, तेव्हा रायाजीरावांनीही मान खाली घालून ओंजळ धरली. इभ्रामनं ती भरली.

अखेर दुसरा हुकूम आला, गड खाली करा. राजांनी बादशहाची मनसब पत्करली होती! मग इतकी माणसं मेली ती कुणासाठी? रायाजीराव खचले. इभ्रामची क्षमा मागायला ते महाराजांकडे गेले.

अंगणात एक कबर होती. तिच्यावर गवत उगवलं होतं. जवळच खुंटीला भोक पडलेली पखाल कोरडीठाक लोंबत होती.

महाराज म्हणाले, "तुम्ही दिंडी लावलीत, त्याच दुपारी त्याला बादशहाच्या फौजेची गोळी लागली. पखालीतून आरपार गेली. मीच माती दिली त्याला."

"मग मला पाणी कुणी पाजलं?"

महाराजांचे डोळे भरून आले. "धनी बदलले, किल्लेदार. त्याची चाकरी बदलली नाही. देवानं ती चालवली."

रायाजीराव पायांवर कोसळले. महाराज मागे सरले आणि त्यांनी कबरीकडे बोट दाखवलं. रायाजीरावांनी पागोटं उतरवून तिथल्या मातीवर डोकं टेकलं.

मग उठून त्यांनी ती पखाल खांद्यावर घेतली, ओढ्यावर भरली. महाराजांचा रांजण कधीचा कोरडा होता. दारी येईतो पखाल सारी गळून गेली. रायाजीराव तसेच ओल्या अंगानं पुन्हा ओढ्याकडे वळले.