नांदगोट्यात पहिली घागर खालच्याला

नांदगोट्याच्या या विहिरीत वाकून बघायचं असेल तर आधी वरच्या खिशातला मोबाईल काढून ठेवा. गेल्या साली एकाचा पडला, तो आता खालच्या मंडळींसोबत राहतो.

भिंत नीट बघा. वर काळी माती, मग काळा दगड. त्याखाली जो पांढुरका पट्टा आहे, त्यात शिंपले आणि गोगलगायींची कवचं बसली आहेत, चिक्कीत दाणे बसतात तशी. पुन्हा काळा दगड. आणि अगदी पाण्यालगत, लालसर थरात, ते आडवं जाडजूड दिसतं तो खांब नाही, हाड आहे. कोणी छिन्नी काढली तर मी ढकलून देईन, आधीच सांगते.

कॉलेजच्या एक बाई येतात. त्या सांगतात, हाड ज्याचं ते जनावर घराहून उंच होतं. ते मेलं, गाडलं गेलं, हाडाचा दगड झाला. मग जमिनीतून तापलेला रस वाहत आला आणि थिजला. त्यावर तळं साचलं, तळ्यात गोगलगायी नांदल्या. परत रस आला, तेही झाकलं. माणसाचा तेव्हा पत्ताच नव्हता. पटण्यासारखं आहे. पण ही विहीर एवढी खोल गेली कशी, ते त्यांच्या पुस्तकात नाही. ते आमच्याकडून ऐका.

फार मागे गावात दोनच घराणी होती म्हणे, ढवस आणि बोढे. दोघंही म्हणायची, गाव आम्ही वसवलं, पहिला मान आमचा. होळी आली की दोन होळ्या. पोळ्याचं तोरण कोणी तोडायचं यावरून बैल तासन्‌तास उन्हात उभे. विहीर खणायची ठरली, तर पहिली कुदळ कोणाची यावरून काम सुरूच झालं नाही, असं सांगतात. भांडायला बाप्ये, आणि टेकडी उतरून नदीचं पाणी आणायला बाया.

पुनाबाई ही पैकू ढवसाची लेक, दिली होती लटारी बोढ्याच्या मुलाला. पहिलटकरीण होती. त्या उन्हाळ्यात नदी आटली. पात्रात वाळू उकरून काढलेल्या झिऱ्याचं पाणी म्हणजे पातळ चिखल. ते पिऊन शेजारणीचं तान्हं दगावलं. तेव्हा पुनाबाई भर चावडीवर गेली आणि तिनं शपथ घेतली, की माझ्या लेकराचं पहिलं न्हाणं गावच्या विहिरीच्या पाण्यानं होईल. नाही झालं तर ते लेकरू ढवसांचंही नाही आणि बोढ्यांचंही नाही. मी त्याला घेऊन निघून जाईन, तुम्ही मान सांभाळत बसा.

पहिली कुदळ तिनंच मारली. ती दोन्ही घरची, म्हणून कोणाला काही बोलता येईना.

माती संपली, काळा दगड फुटला आणि शिंपले निघाले. पैकू ढवसाची छाती फुगली. "हे आमच्या वाडवडलानं खाऊन टाकलेले शिंपले. आता सांगा, पहिले कोण?" बोढे पहार टाकून घरी निघाले. काम थांबणार, हे पुनाबाईला दिसलं. तिनं सासऱ्याला वाटेत गाठलं.

"मामाजी, उकिरडा कोणी खालून भरते का? वरचं ते मागून आलेलं. खाली पाहा, तुमचंबी काही असन."

लटारीनं पहार परत उचलली. पुढचा दगड असा चिवट, की बोढ्यांच्या हातांना भाकरीसारखे फोड आले. पण खाली हे हाड लागलं. "हा आमच्या मूळपुरुषाचा बैल," लटारी म्हणाला.

पैकू वरून वाकला. "बैल होता का देऊळ? याले जू कोण्या झाडाचं केलं होतं, व्याही?"

सगळे ढवस हसले. पुनाबाई नाही हसली. "बाबा, ते हाड तुमच्या शिंपल्याच्या खाली हाय," एवढंच म्हणाली. पैकूचं हसू मावळलं. दुसऱ्या दिवशी ढवस खाली उतरले.

हाडाच्या खाली त्यांना दगडाचे गोळे लागले, वेटोळे पडलेले. रोज घर सारवणाऱ्या बायांनी एका नजरेत ओळखलं, शेण आहे. दगड झालं तरी शेण ते शेणच. पैकूनं त्यातला मोठा गोळा डोक्यावर घेतला आणि हलगी वाजवत चावडीवर नेला म्हणे. "बैल तुमचा असन, पण शेण आमचं, अन् ते खाली हाय." पहिल्या मानासाठी शेण मिरवलं त्यांनी. मी बोढ्यांची सून आहे, ढवसांना यावरून चिडवायचा मला हक्क आहे.

लटारीनं रागारागानं पुढची पहार घातली. ती ओली वर आली.

पाणी बघून बाया रडल्या, आणि दोन म्हातारे आपापली घागर घेऊन काठावर भांडायला उभे राहिले. पहिली कोण भरणार? पुनाबाईला तेव्हा कळा सुरू झाल्या होत्या. तरी ती आली, दोघांच्या मधे उभी राहिली.

"तुमी खणणं थांबवलं म्हणून तुमी पहिले. अजून खाली कोण हाय, कोणाले ठाव?"

तिनं घागर शेंदली आणि सगळीच्या सगळी परत विहिरीत ओतली, जो कोणी सगळ्यात खाली असेल त्याच्या नावानं. दुसरी भरून घरी नेली. संध्याकाळी तिला मुलगी झाली. न्हाणीचं पाणी दोन्ही आजांनी एका चुलीवर तापवलं, फुंकर घालताना पोरीचं नाक कोणावर गेलंय यावरून भांडले. तेवढं चालतं.

आजही नांदगोट्यात नवी नवरी आली की पहिली घागर शेंदते आणि परत आत ओतते, सगळ्यांच्या आधी आलेल्यासाठी. दुसरी घागर गावातलं सगळ्यात लहान लेकरू ज्या घरी असेल तिथे जाते, सगळ्यांच्या मागून आलेल्यासाठी. मधल्या सगळ्यांनी तिसऱ्या घागरीपासून रांगेत उभं राहायचं. तहान लागली असेल तर तुम्हीही राहा. पाहुणे म्हणून पुढे घेणार नाही.