शेळीला तराजूत बसवा

बाजारात वेष्टनांचा कचरा फार झाला, म्हणून गावानं दुकानदारांवर कचरापट्टी बसवली. पंचांतले मिठाईवाले धोंडूशेट म्हणाले, "पट्टी सगळ्यांना सारखीच."

पळसाच्या द्रोणात उसळ विकणाऱ्या सगुणाबाईचा धंदा त्या पट्टीनं बुडाला असता. तरी ती म्हणाली, "चालेल शेट. फक्त ज्याचं वेष्टन, त्याच्याच दारात लोकांनी टाकावं."

"एवढंच ना?" शेट हसले, पंचांनीही मान डोलावली.

बाजार उठला तेव्हा खोकी आणि चकचकीत कागदांनी शेटचं दार पार बुजून गेलं होतं. सगुणाबाईच्या दारात शेळी शेवटचा द्रोण चघळत होती.

शेट खिडकीतून कळवळले, "बाई, हे दारात टाकणं थांबवा, पट्टी ज्याच्या-त्याच्या कचऱ्याच्या वजनावर लावू."

"लावा की. पण माझा कचरा तोलायचा, तर शेळीलाच तराजूत बसवावं लागेल."