उजवं कुणाचं?

“एक्स-रेची फिल्म उलटी टांगली होती, असं लिहून द्याल ना, सर?”

टेंभरे सरांनी समोरचा कागद बाजूला सरकवला.

बत्तीस वर्षं त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात ॲनाटॉमी शिकवली होती. समोर बसलेला डॉ. निरंजन लाखे त्यांचा विद्यार्थी. आता जिल्ह्यातला नावाजलेला सर्जन.

तीन महिन्यांपूर्वी लाखेने सुगंधाबाई कुंभरे नावाच्या बिड्या वळणाऱ्या बाईचं ऑपरेशन केलं होतं. डावी किडनी निकामी झाली होती, ती काढायची होती. त्याने उजवी काढली. चांगली होती ती.

चौकशी समितीने आता सरांचं मत मागवलं होतं.

“उलटी कुणी टांगली?”

“ऑपरेशन थिएटरमधल्या माणसानं.”

“आणि पाहिली कुणी?”

“...मी.”

सरांनी चष्मा काढून ठेवला.

“उजवं म्हणजे कुणाचं उजवं?”

लाखे किंचित हसला. “रुग्णाचं, सर. बघणाऱ्याचं नाही. शरीर ताठ उभं, तोंड समोर, हात खाली सोडलेले, तळवे पुढे. डावं-उजवं, पुढचं-मागचं, वरचं-खालचं, सगळं ह्याच स्थितीवरून ठरतं. तुमचा पहिला तास. एक शब्द विसरलो नाही.”

“नाही विसरलास.”

“म्हणूनच म्हणतो, चूक ज्ञानाची नव्हती. फिल्मची होती.”

“बाईला विचारलं होतंस?”

“भूल दिलेली होती, सर.”

“भुलीच्या आधी?”

“ती काय सांगणार? किडनी छातीत असते की पोटात, हे तिला ठाऊक नाही. सही करायला सांगितली तर अंगठा पुढे करते.”

“दुखतं कुठे, ते तरी सांगत असेल.”

“दोन वर्षं तेच तर सांगत होती! दर वेळी तेच रडगाणं.”

“कसं सांगायची?”

“म्हणजे?”

“उभा राहा. ती दारातून आत यायची, तसा ये.”

लाखेला हे विचित्र वाटलं. पण पत्र हवं होतं. तो उठला, दाराशी गेला. कंबरेत वाकला, पाय ओढत दोन पावलं चालला आणि कुशीवर हात दाबून बाईच्या आवाजात म्हणाला,

“डाक्टर सायेब, इथं सुरी खुपसल्यावानी होते जी...”

तो तिथेच थांबला.

हात डाव्या कुशीवर होता.

त्याला तो काढता येईना. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेलं धोतर वाऱ्याने फडफडत होतं.

“कशी आहे आता?” सरांनी विचारलं.

“डायलिसिस... आठवड्यातून तीनदा.” मग अगदी हळू, “सर, मला सगळं पाठ होतं हो...”

सरांनी चष्मा लावला. समितीचा कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या, सही झाली. लाखेच्या डोळ्यांत आशा आली.

“काय लिहिलंत, सर?”

सरांनी पेनाचं टोपण लावलं.

“फिल्मचं काही नाही. एवढंच, की ॲनाटॉमीत तुला पहिला नंबर मी दिला होता.”